टोकाला पाणी पोचलं

गेल्या वर्षी आषाढाच्या शेवटी दात घासताना खालच्या उजव्या दाढेजवळ हिरडीवर एक पुटकुळी दिसली. ज्वारीच्या दाण्याएवढी. दुखत अजिबात नव्हती. बोटाने दाबली तर तोंडाला खारट चव आली आणि ती बसली. चार दिवसांनी पुन्हा वर आली. असं तीनदा झाल्यावर हिला दाखवलं. तिने मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं आणि विचारलं, "ही नस काढलेलीच दाढ ना?"

तीच होती. नऊ वर्षांपूर्वी रूट कॅनल करून वर कॅप बसवलेली. नस काढली की त्या दाढेचा विषय संपला, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. माझ्या ओळखीतले बहुतेक लोक तसंच धरून चालतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. नस गेली तरी दाढेभोवतीचं हाड जिवंत असतं. आत जंतू उरले असतील तर ते मुळाच्या टोकातून हळूहळू त्या हाडाला पोखरतात, तेही न दुखता. हिरडीवरची पुटकुळी म्हणजे तिथल्या पुवाने बाहेर पडण्यासाठी पाडलेलं भोक. पू बाहेर पडत राहतो, दाब साचत नाही, म्हणून दुखत नाही. न दुखणारी पुटकुळी आहे म्हणून थांबू नका, एवढं तर मी आता कुणालाही अडवून सांगतो.

पुढचं सगळं मी ज्या नजरेने पाहिलं तिच्यामागे माझी नोकरी आहे. मी पालिकेच्या पाणीखात्यात दुय्यम अभियंता आहे. एकतीस वर्षं झाली. पहिली पंधरा-सोळा पंपांवर गेली, बाकीची वितरणात, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या चावीवाल्यांबरोबर गल्ल्यांतून हिंडण्यात. दाढेच्या आत काय चाललंय हे मला डॉक्टरांच्या चित्रांपेक्षा आमच्या नळांवरून लवकर कळलं.

मुलुंडला आमच्या घराजवळचे डॉक्टर आधी बघून बोलले, "एक्स-रे काढू." त्यांनी त्या पुटकुळीच्या भोकातून एक बारीक गुलाबी काडी अलगद आत सरकवली आणि तिच्यासकट एक्स-रे घेतला. काडी वळसे घेत थेट दाढेच्या मागच्या मुळाच्या टोकाशी जाऊन थांबलेली दिसत होती. टोकाभोवती वाटाण्याएवढी काळी सावली. हाड तिथे विरलं होतं. गळती शोधताना आम्ही जे करतो तेच हे, फक्त उलट्या दिशेने. डॉक्टर स्वच्छ म्हणाले, "पहिलं रूट कॅनल उघडून पुन्हा करणं हे स्पेशालिस्टचं काम. मी केलं तर अर्धवट होईल." अशी चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरबद्दल माझा आदर वाढतो.

दादरला पश्चिमेकडे फुलबाजार ओलांडून जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ज्या डॉक्टरबाईंकडे त्यांनी पाठवलं, त्या वयाने माझ्या मुलीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. पहिल्या मिनिटापासून मला 'काका' म्हणायला लागल्या. त्यांनी आधी सीबीसीटी काढून आणायला सांगितला. मशीन डोक्याभोवती एक फेरी मारतं आणि जबड्याचं सगळ्या बाजूंनी चित्र तयार होतं. साध्या एक्स-रेमध्ये एकामागे एक असलेल्या गोष्टी एकमेकींवर पडतात. इथे मात्र दाढेच्या पाव मिलिमीटरच्या चकत्या पाडून बघता येतात.

त्या चकत्या खाली-वर सरकवत डॉक्टरांनी दाखवलं. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळं. पुढच्या मुळात दोन नळ्या, मागच्यात कधी एक, कधी दोन. माझ्या मागच्या मुळात दोन होत्या. त्यातल्या एकीत पहिल्या वेळचा भराव पांढरा दिसत होता. दुसरी रिकामी, राखाडी. नऊ वर्षांपूर्वी ती कुणाला सापडलीच नव्हती. शिवाय दोन्ही नळ्यांना जोडणारी कागदासारखी चपटी फट.

"चौथी नळी कुणी उघडलीच नाही, काका. आणि ही फट तर कुठल्याच फाइलने साफ होत नाही."

फाइल म्हणजे मुळात घालून फिरवायची ती बारीक कानशीसारखी सुई. नळीच्या भिंतीचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, फाइलला शिवतच नाही, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं तेव्हा मी थक्क झालो. कारण सोपं आहे. फाइल गोल फिरते आणि नळ्या गोल नसतात. त्या चपट्या, लंबगोल, शेवटी फाटे फुटलेल्या असतात. मग उरलेला भाग कोण साफ करतं? नळीत सोडलेलं औषध. फाइलचं मुख्य काम त्या औषधाला आत जायला वाट करून देणं.

"कुठलं औषध?" मी विचारलं.

"सोडियम हायपोक्लोराइट."

मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. आयुष्यभर ज्याचा हिशेब ठेवला ते हे. नळाला शेवटच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावं म्हणून आमची सगळी धडपड असते. दाढेत हेच रसायन तीन ते पाच टक्क्यांचं वापरतात, म्हणजे लिटरला तीस ते पन्नास ग्रॅम. पहिल्या महायुद्धात डेकिन नावाच्या रसायनतज्ज्ञाने सैनिकांच्या जखमा धुवायला अर्ध्या टक्क्याचं वापरलं होतं, ते मी कधीतरी वाचलं होतं. मेलेल्या पेशी विरघळवणं आणि जंतू मारणं ही दोन्ही कामं ते करतं. म्हणून दंतवैद्य त्याला सोडत नाहीत.

मग अडचण कुठे? अडचण अगदी आमचीच. मुळाची नळी म्हणजे एका बाजूने बंद असलेली लाइन. वितरणात आम्ही तिला डेड एंड म्हणतो. डेड एंडला पाणी खेळत नाही, साचतं, क्लोरीन मरतो आणि पाइपच्या आतून बुळबुळीत थर धरतो. त्या थराखालच्या जंतूंपर्यंत वरून वाहणारा क्लोरीन पोचत नाही. दाढेत हाच थर असतो. पुन्हा बिघडलेल्या रूट कॅनलमध्ये एन्टेरोकॉकस फिकॅलिस नावाचा चिवट जंतू वरचेवर सापडतो, असं डॉक्टर म्हणाल्या. शिवाय दाताच्या आतल्या भिंतीला एक ते तीन मायक्रॉन रुंदीची लक्षावधी भोकं असतात. जंतू एक मायक्रॉनच्या आतबाहेर. म्हणजे तो आरामात आत जाऊन बसतो.

आणि पिचकारीतून सोडलेलं औषध सुईच्या टोकापुढे जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातं. त्यापुढे हवा अडकते.

"एअर लॉक!" मी म्हणालो.

"अगदी तोच शब्द. तुम्ही काय करता?"

मी सांगितलं, लाइनच्या उंच जागांवर एअर व्हॉल्व्ह बसवतो, टोकाला वॉशआउट, म्हणजे साचलेलं पाणी सोडून द्यायची वाट, ठेवतो. त्या म्हणाल्या, "इथे दोन्ही बसवता येत नाही. टोकाला भोक पाडलं तर औषध हाडात जाईल. म्हणून आतलं पाणी हलवायचं. त्यासाठी लेझर."

इथे माझा मोठा गैरसमज दूर झाला. मुलुंड ते दादर गाडीतून येताना 'लेझर रूट कॅनल, वेदनारहित' अशा दोन-तीन पाट्या रोज दिसतात. मला वाटायचं लेझरची ज्योत आत घालून जंतू जाळत असतील. माझ्या दाढेसाठी जो लेझर वापरायचा होता तो जाळत नाही. त्याचं नाव एर्बियम यॅग. त्याचा किरण २९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. पाणी ह्या किरणाला जितक्या हावरेपणाने शोषतं तितकं जवळपास कुठल्याच दुसऱ्या किरणाला शोषत नाही. लेझरचं टोक दाढेच्या पोकळीत औषधात बुडवून धरतात. एक झटका सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाएवढा, त्यात ऊर्जा फक्त वीस मिलिजूल. असे सेकंदाला पंधरा झटके. प्रत्येक झटक्याला टोकापाशी पाण्याचा पातळ थर क्षणात उकळून बुडबुडा होतो, फुगतो आणि कोसळतो. त्या कोसळण्याचा धक्का पाण्यातून खाली चारही नळ्यांत जातो आणि पाणी टोकापर्यंत घुसळलं जातं. नव्या पद्धतीत दोन झटके जोडीने देतात. पहिला बुडबुडा कोसळत असतानाच दुसरा उठतो, म्हणजे पहिल्याचं कोसळणं आणखी जोराचं होतं. त्या पद्धतीला डॉक्टर 'स्वीप्स' म्हणतात.

हे ऐकताना माझ्या कानात एक जुना आवाज वाजला. पंपिंग स्टेशनवर नवा होतो तेव्हा एका रात्रपाळीला एका पंपातून कुणीतरी आत खडे फिरवतंय असा आवाज यायला लागला. माझे वरिष्ठ, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, कान लावून म्हणाले, "कॅव्हिटेशन. सक्शन बघ." दुसऱ्या दिवशी पंप उघडला तर पितळी इंपेलरला, म्हणजे आत फिरून पाणी ढकलणाऱ्या चाकाला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली. पाण्याचा दाब फार खाली गेला की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, दाब वाढला की ते कोसळतात, आणि कोसळताना धातू खातात. हे होऊ नये म्हणून मी सोळा वर्षं रात्री जागवल्या. आणि इथे तोच बुडबुडा मुद्दाम तयार करून माझ्या दाढेत सोडणार होते.

साहजिकच विचारलं, "मग दाढेला भोकं नाही पडणार?"

प्रश्न त्यांना आवडला असावा. म्हणाल्या, हाच लेझर जास्त ऊर्जेवर चालवला तर दात कापतो. दाताच्या किडीवर तो तसाच वापरतात, अमेरिकेत १९९७ साली त्याला परवानगी मिळाली. पण वीस मिलिजूलला तो दात कापत नाही, आणि एका वेळी तीस सेकंदांपेक्षा जास्त चालवत नाहीत. इंपेलर महिनोन् महिने झिजतो. इथलं एकूण काम काही मिनिटांचं.

मग त्यांनी स्वतःहून दोन गोष्टी सांगितल्या, ज्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. पहिली म्हणजे सगळे लेझर एक नसतात. पुष्कळ दवाखान्यांत असतो तो छोटा डायोड लेझर, ८१० ते ९८० नॅनोमीटरच्या आसपासचा. पाणी त्याला फारसं शोषत नाही. केसासारखी तार नळीत घालून तो उष्णतेने जंतू मारतो. तार एका जागी थांबली आणि मुळाच्या बाहेरचं तापमान दहा अंशांनी वाढलं तर हाडाला इजा होऊ शकते, म्हणून ती सतत फिरती ठेवावी लागते. तोही उपयोगाचा आहे, पण काम वेगळं. त्यामुळे पाटीवर नुसतं 'लेझर' लिहिलंय म्हणून काही कळत नाही. कुठला लेझर आणि तो आत काय करणार, हे विचारायला हवं.

दुसरी गोष्ट अशी की प्रयोगशाळेत काढलेल्या दातांवर हा लेझर पिचकारीपेक्षा कितीतरी चांगली सफाई करतो हे वारंवार दिसलंय, पण माणसांच्या तोंडात काही वर्षांनी किती दाढा बऱ्या होतात हे मोजलं तर नीट केलेल्या नेहमीच्या रूट कॅनलशी फरक तेवढा ठळक दिसत नाही. "तुमच्या दाढेत ती फट आहे आणि चौथी नळी अरुंद आहे, म्हणून मी लेझर घेतेय. सरळ नळ्यांच्या पहिल्या वेळच्या दाढेला मी आग्रह धरला नसता." आमच्या खात्यातल्या एका चावीवाल्याने नायर दंत महाविद्यालयात रूट कॅनल करून घेतलंय, लेझरबिझर काही नाही, आणि तो त्या दाढेने ऊस सोलतो. हे मी त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे. नायरला आणि सीएसएमटीजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात शिकलेले हातच मुंबईभर काम करतायत."

दाढ काढून इम्प्लांट लावणं आणि हिरडी उघडून मुळाचं टोक कापणं, असे दोन पर्याय त्यांनी मांडले होते. दोन्ही हातात राहतातच म्हणाल्या, आधी हे करू. मी हो म्हटलं.

पहिली बैठक गणपतीच्या पाच दिवस आधी झाली. लेझर असला तरी भुलीची सुई घ्यावी लागते, हे पाट्यांवरच्या 'वेदनारहित'वर भरवसा ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात सुई, दहा मिनिटांत ओठ जड, हनुवटी गायब. मग दाढेभोवती रबराचा पडदा ताणून बसवला. फक्त ती एक दाढ पडद्यातून वर, बाकी तोंड खाली झाकलेलं. पहिली दोन मिनिटं जीव घुसमटला. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, नाकाने श्वास घ्या, हळू. मग जमलं.

ह्या रबरी पडद्याबद्दल थोडं जास्तच सांगतो, कारण माझ्या मते लेझरपेक्षा त्याचं मोल जास्त आहे. नऊ वर्षांपूर्वी पहिलं रूट कॅनल झालं तेव्हा तो लावलाच नव्हता, नुसते कापसाचे बोळे होते. पडदा नसला की लाळ दाढेत जाते, म्हणजे एकीकडे जंतू काढायचे आणि दुसरीकडे भरायचे. आणि हायपोक्लोराइट किंवा एखादी फाइल घशात जाण्याचा धोका वेगळाच. आमच्याकडे लाइनचं काम करताना दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय कुणी पाना लावत नाही. दाढेलाही तोच नियम हवा. त्या वेळी मला हे माहीत असतं तर मी मागून घेतला असता.

कॅप कापून काढली. आतला जुना भराव काढायला सुरुवात झाली आणि पडद्याआडूनही वास आला. तुंबलेला वॉशआउट बऱ्याच वर्षांनी उघडल्यावर येतो तसाच. सूक्ष्मदर्शकाचं चित्र समोरच्या पडद्यावर दिसत होतं, म्हणून मी डोळे तिरपे करून बघत होतो. जुन्या तीन नळ्या मोकळ्या झाल्यावर डॉक्टरांनी एका बारीक थरथरणाऱ्या टोकाने मागच्या भागावरचा कडक थर खरवडला. तिथे एक काळा ठिपका दिसला. सहायक ताई म्हणाल्या, "मिळाली." नऊ वर्षं कुणी न उघडलेली चौथी नळी.

ओठाला एक हूक लावून फाइल आत घातली की यंत्र बीप करत टोक किती दूर आहे ते सांगतं. तीन नळ्या पूर्ण लांबीपर्यंत गेल्या. चौथीत फाइल टोकाच्या दोन मिलिमीटर अलीकडे अडली. सगळ्यात बारीक फाइल घेतली, वाकवून घेतली, तरी नाही. मला वाटलं त्या जोर लावतील. त्या थांबल्या. "जोर लावला तर फाइल तुटेल किंवा चुकीची वाट पडेल." कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं पांढरं औषध आत भरलं, वरून तात्पुरतं सिमेंट लावलं आणि घरी पाठवलं. एक तास चाळीस मिनिटं. दीड दिवसाच्या गणपतीत उकडीचे मोदक डाव्या बाजूने खाल्ले.

त्या दोन मिलिमीटरचा विचार मात्र डोक्यातून जाईना. शेवटच्या चाळीला पाणी पोचत नाही अशी तक्रार असते तेव्हा अख्ख्या लाइनमध्ये दाब असून काही उपयोग नसतो. दुखणं टोकाला, आणि फाइल टोकाच्या अलीकडे थांबलेली.

अनंत चतुर्दशीनंतर दुसरी बैठक, लेझरची. दाराबाहेर पाटी लावली, आतून कडी. मला, डॉक्टरांना, सहायक ताईंना, तिघांनाही खास चष्मे. हा किरण दिसत नाही, चकचकीत वस्तूवरून उलटला तर डोळ्यांना इजा करू शकतो, म्हणून चष्म्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही. चष्म्यातून समोरचा पडदा दिसत होता. मी आधीच विचारून ठेवलं होतं की दाब आला तर औषध मुळाच्या टोकाबाहेर जाणार नाही का? हायपोक्लोराइट हाडात उतरलं तर भयंकर दुखतं, गाल सुजतो. त्यांनी सांगितलं होतं, म्हणूनच लेझरचं टोक नळीत न घालता वरच्या पोकळीतच ठेवायचं, ऊर्जा कमी ठेवायची, आणि पिचकारीची सुईसुद्धा बाजूला भोक असलेलीच वापरायची. काही टोचलं तर डावा हात वर करायचा, असं ठरलं.

पोकळी औषधाने भरली. डॉक्टरांनी पायाने पेडल दाबलं.

फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. एकसारखा, बारीक, जलद. दुखत नव्हतं. दाढेत हलकी थरथर, नखाने कुणी टिचक्या मारतंय अशी. ताई दुसऱ्या बाजूने सतत औषध सोडत होत्या, कारण पाणी उडतं आणि पोकळी कोरडी पडली तर बुडबुडे होणार कसे? पंपाला सक्शन कमी पडू द्यायचं नाही, तसंच. तीस सेकंद झाले, थांबल्या. अर्धा मिनिट औषधाला काम करू दिलं. पुन्हा तीस सेकंद.

पडद्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. स्वच्छ भरलेलं पाणी दुसऱ्या फेरीत गढूळ झालं. नळ्यांच्या तोंडांतून तपकिरी कण वर येत होते. दोन मागच्या नळ्यांच्या मध्ये, जिथे ती चपटी फट होती, तिथून एक राखाडी धागा लोंबकळत बाहेर आला, तुटला आणि ताईंच्या नळीत ओढला गेला. पहिल्या बैठकीत ह्याच दाढेत तास-दीड तास फाइली चालल्या होत्या, औषधाच्या पिचकाऱ्या झाल्या होत्या, आणि तरी एवढं आत होतं.

तिसऱ्या फेरीत खोल कुठेतरी टोचलं. हात वर केला. त्या लगेच थांबल्या, भूल थोडी वाढवली, टोक आणखी वर घेतलं, मगच पुढे. नंतर १७ टक्क्यांचं ईडीटीए नावाचं द्रावण आलं. फाइल चालताना भिंतीवर जो चिखल थापला जातो त्यातला कॅल्शियम ते ओढून घेतं, म्हणजे भिंतीची भोकं उघडी होतात. तेही लेझरने घुसळलं. मग पाणी. मग पुन्हा हायपोक्लोराइट. शेवटच्या फेरीत पाणी तीसही सेकंद नितळ राहिलं. लाइन धुताना वॉशआउटमधून नितळ पाणी आलं की आम्ही चावी बंद करतो. मी मनात म्हटलं, आता झालं.

झालं नव्हतं. डॉक्टरांनी दहा नंबरची फाइल घेतली, जिचं टोक ०.१ मिलिमीटरचं असतं, आणि चौथ्या नळीत घातली. यंत्राचा बीप सुरू झाला, जवळ येत गेला, जुन्या जागी आला. तिथे ती किंचित अडली, डॉक्टरांनी बोटांत अर्धा वेढा दिला, आणि बीप सलग झाला. दोन मिलिमीटर पार. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त ताईंकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते चष्म्यामुळे कुणाला दिसलं नसेल. मग ती नळी रुंद केली आणि फक्त तिच्यासाठी लेझरच्या आणखी दोन फेऱ्या दिल्या.

त्या पुढचं काम शांतपणे झालं. कागदाच्या काड्यांनी नळ्या कोरड्या केल्या. ओलाव्यातच घट्ट होणारं एक पांढरं सिमेंट आणि त्यात गुलाबी काड्या. पुटकुळीत घातली होती त्याच जातीच्या, गट्टापर्चाच्या. मलायाकडच्या झाडांचा चीक. १८७० साली मुंबईपर्यंत समुद्राखालून तारायंत्राची केबल आली तिच्यावरचं वेष्टन ह्याच चिकाचं होतं. खाऱ्या पाण्याला आत शिरू न देण्याचं त्याचं काम तेव्हाही तेच, आताही तेच.

तीन दिवस दाढ ठणकली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या घेतल्या, चौथ्या दिवशी बंद केल्या. बाराव्या दिवशी पुटकुळीची जागा सपाट झाली आणि पुन्हा वर आली नाही. महिन्याने नवी कॅप बसली. एकूण खर्च सीबीसीटी आणि कॅप धरून सव्वीस हजारांच्या आसपास, त्यात लेझरचे चार हजार वेगळे. माझ्या मेडिक्लेममध्ये ह्यातलं काहीच बसलं नाही. चार हजार कशाचे हे मला आधी समजावून सांगितलं होतं, म्हणून देताना जड गेलं नाही. ज्याला हे परवडत नाही त्याने लेझर सोडावा, पण रबरी पडदा आणि चौथी नळी शोधणारी नजर मागावी.

मार्चमध्ये सहा महिन्यांचा एक्स-रे झाला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी-शेजारी लावले. वाटाण्याएवढी काळी सावली मुगाएवढी राहिली होती आणि तिच्या कडेने हाडाची पांढरी जाळी परत विणली जात होती. मी खुर्चीतून उठून पडद्याजवळ जाऊन पाहिलं.

"म्हणजे बरी झाली?"

"बरी होतेय. हाड भरायला वेळ लागतो, काका. सहा महिन्यांनी पुन्हा या. सावली पूर्ण गेलेली दिसेपर्यंत मी तुमचा केसपेपर बंद करणार नाही."

त्यांनी केसपेपरवर सप्टेंबरमधली तारीख लिहिली. मी ती घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात गणपतीच्या खाली लिहून ठेवली आहे.